झोक्यावरची इरंदती आणि आपली रंगपेटी

आपल्या घरात तथागत बुद्धांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर असतेच. घर चाळीतले असो, झोपडपट्टीतले असो की गावच्या बौद्धवाड्यातले असो, त्या तसबिरीला जागा ठेवलेली असते. आपण ती पुसतो, तिला हार घालतो, तिच्यापुढे मेणबत्ती लावतो. परंतु ती कोणाच्या तरी हाताने काढलेली आहे आणि त्या हातामागे वर्षानुवर्षांचा सराव आहे, हे सहसा आपल्या मनात येत नाही. चित्र काढणार दुसरे, आपण ते विकत आणणार, असेच जणू ठरून गेले आहे.

घरातले एखादे पोर वहीच्या मागच्या पानावर चित्र काढत बसले की आपण ओरडतो, "अभ्यास कर! चित्रांनी काय पोट भरणार आहे?" आईबापांची ही काळजी खोटी नाही. महिनाअखेरीला ज्या घरात किराण्याचा हिशेब जुळत नाही, त्या घरात रंगपेटी ही चैनच वाटणार. तरीही बंधू-भगिनींनो, थोडा विचार करावा. आपल्या धम्माचा एवढा मोठा इतिहास आपल्याच महाराष्ट्राच्या डोंगरात रंगांनी लिहिलेला आहे. तो वाचायला आणि पुन्हा रेखायला आपल्या मुलांनी शिकू नये काय? त्यासाठी मोठ्या फीचा क्लासच लावला पाहिजे असे नाही. एक चांगले जुने चित्र समोर ठेवावे आणि ते पाहून जलरंगात उतरवावे. चित्रकला शिकण्याची ही फार जुनी आणि खात्रीची वाट आहे. या अंकात त्यासाठी अजिंठ्याचे एक चित्र निवडले आहे: बागेत झोका घेणारी नागकन्या इरंदती.

कोण ही इरंदती?

अजिंठ्याच्या लेणे क्रमांक २ मध्ये उजव्या भिंतीवर विधुरपंडित जातकाची कथा रंगवलेली आहे. हे लेणे इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले, म्हणजे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे. कथा अशी की, कुरू राजाच्या दरबारी विधुर नावाचा प्रज्ञावंत पंडित होता. त्याची कीर्ती ऐकून नागराजाची राणी विमला हिने हट्ट धरला, "मला विधुराचे हृदय हवे." ते आणून देईल त्याला मुलगी देण्याचे ठरले. ती मुलगी म्हणजे इरंदती. पूर्णक नावाच्या यक्षाने तिला पाहिले आणि तो तिच्यावर मोहित झाला. त्याने कुरू राजाला द्यूतात हरवले, विधुराला जिंकून नेले आणि वाटेत त्याला ठार मारायला निघाला. विधुराने न घाबरता त्यालाच धम्म सांगितला. पूर्णकाचे मन पालटले. पुढे विधुर स्वतःहून नागलोकी गेला, त्याने राजाराणीलाही उपदेश केला आणि तो सुखरूप परतला. पंडिताचे हृदय म्हणजे त्याची प्रज्ञा, आणि प्रज्ञा मिळवायला कोणाची छाती फाडावी लागत नाही, ऐकून घ्यावे लागते, हा या कथेचा बोध.

यक्ष आणि नागलोक या गोष्टी कथा म्हणूनच घ्यायच्या. परंतु 'नाग' हा शब्द आपल्याला परका नाही. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी धम्मदीक्षेसाठी नागपूरच का निवडले हे सांगताना, बौद्ध धम्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांचे स्मरण केले होते. म्हणून आपल्या मुलीने नागकन्येचे चित्र काढावे, यात एक वेगळा आनंद आहे.

चित्रात इरंदती झोक्यावर आहे. हातांनी दोर धरले आहेत, दोर तिरके ताणले गेले आहेत, मागे झाडी आहे. शेजारी तीच इरंदती पुन्हा उभी दिसते, समोर पूर्णक आहे. एकाच भिंतीवर एकच व्यक्ती दोनदा काढून गोष्ट पुढे न्यायची, ही अजिंठ्याची रीत. आपण शिकण्यापुरता झोक्याचाच भाग घेऊ. एक माणूस, दोन दोर आणि मागे बाग. नवशिक्याला इतके पुरे.

उतरवून शिकण्यात कमीपणा नाही

"पाहून काढले, त्यात काय मोठे?" असे म्हणणारे भेटतील. त्यांना अजिंठ्याचाच इतिहास सांगावा.

१८१९ साली इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ या लेण्यांपाशी आला आणि बाहेरच्या जगाला त्यांची माहिती झाली. पुढे १८४४ पासून रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने भिंतीवरची चित्रे कॅनव्हासवर उतरवण्याचे काम हाती घेतले आणि त्यात वर्षानुवर्षे घालवली. त्यातली बहुतेक चित्रे १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाली. मग मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन गेले आणि १८७२ ते १८८५ या काळात त्यांनी पुन्हा प्रती केल्या. पेस्तनजी बोमनजी हे पुढे नावाजलेले चित्रकार त्या विद्यार्थ्यांतलेच. त्याही प्रतींपैकी बऱ्याच १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. एवढे होऊनही काम थांबले नाही. १९०९ ते १९११ च्या दरम्यान लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीने तिसऱ्यांदा प्रती करायला घेतल्या. तिच्या मदतीला बंगालहून जे तरुण आले त्यात नंदलाल बोस होते. तेव्हा त्यांचे वय सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे.

भिंतीसमोर बसून रेघ न् रेघ उतरवणारे हेच नंदलाल बोस पुढे शांतिनिकेतनात कलेचे आचार्य झाले. आणि भारताच्या संविधानाची जी हस्तलिखित मूळ प्रत आहे, जिच्यावर २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेच्या सदस्यांनी सह्या केल्या, तिची पाने नंदलाल बोस आणि त्यांच्या शिष्यांनी चित्रांनी सजवली. त्या पानांवर भगवान बुद्ध आहेत, सम्राट अशोकही आहेत. मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब आणि पानांवरची चित्रे अजिंठ्याची रेघ गिरवून तयार झालेल्या हाताची! उतरवून शिकणे कमीपणाचे असते तर हे घडले नसते.

आणखी एक गोष्ट. लेण्यांना दान देणाऱ्यांची नावे तिथल्या शिलालेखांत कोरलेली आहेत, पण ज्यांनी ब्रश धरला त्या चित्रकारांची नावे आपल्याला माहीत नाहीत. कष्टकऱ्याच्या वाट्याला हे नेहमीचेच. मात्र त्यांची रेघ आपण आपल्या हाताने गिरवतो तेव्हा ते कसे विचार करीत होते, कुठे हात थांबवीत होते, हे समजू लागते. नाव राहिले नाही, तरी विद्या अशी पुढच्या हाती येते.

साहित्य थोडकेच

मोठी रंगपेटी नको. जलरंगाच्या चार नळ्यांत हे चित्र होते: यलो ऑकर, बर्न्ट सायना, क्रिमसन आणि अल्ट्रामरिन ब्लू. एक मोठा गोल ब्रश, एक बारीक गोल ब्रश, पेन्सिल, खोडरबर, पाण्याचे दोन डबे, एक जुने सुती फडके आणि रंग कालवायला पांढरी बशी. कागद मात्र जाडसर घ्यावा. पातळ कागद पाण्याने फुगतो, त्यावर लाटा उठतात आणि नवशिक्या हिरमुसतो. कागद एखाद्या फळीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने पक्का बसवावा. पाण्याचे डबे दोन अशासाठी की एकात ब्रश धुवायचा आणि दुसऱ्यातले स्वच्छ पाणी रंगात घालायचे.

हे रंग पाहून गावाकडच्या माणसाला हसू येईल. यलो ऑकर म्हणजे आपली पिवडी आणि बर्न्ट सायना हा गेरूचा भाऊबंद. अजिंठ्याच्या चित्रकारांनीही गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना आणि काजळीच वापरली. तेवढा निळा रंग लाजवर्द नावाच्या मौल्यवान दगडाचा होता, तो दूर अफगाणिस्तानच्या बाजूने येई. भिंतीला आधी माती, बारीक खडी, भाताचा तूस आणि झाडपाल्याचे तंतू यांचा गिलावा देत, वर चुन्याचा पातळ हात मारीत आणि तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावीत. आपल्या नळीतल्या जलरंगातही बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक असतो. म्हणजे माती, डिंक आणि पाणी, हीच सारी पुंजी.

नमुना म्हणून छापील चित्र मिळाले तर उत्तम. अजिंठ्यावरील पुस्तके सार्वजनिक वाचनालयात असतात, लेण्यांपाशी कार्डे मिळतात. मोबाईलवरही चित्र सापडते, पण पडद्यावर रंग भडक दिसतो, हे ध्यानात ठेवावे. १९२० नंतर निझाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणून या चित्रांची डागडुजी केली. त्या वेळी लावलेला लाखेचा लेप पुढे पिवळा पडला. म्हणून फोटोतला पिवळटपणा सगळाच मूळ चित्रकाराचा नव्हे.

पहिला रविवार: पाहणे आणि आखणे

पहिल्या दिवशी रंगाला हात लावू नये. चित्राकडे पाच मिनिटे नुसते पाहावे. मुलांना विचारावे: झोका कुठल्या बाजूला चालला आहे? अंगाचा भार कुठे आहे? उजेड कुठे आणि काळोख कुठे?

नंतर आखणी. नमुना पाच इंच रुंद आणि सात इंच उंच असा धरला, तर त्यावर एकेक इंचाचे चौकोन आखावेत. ते पस्तीस होतात. आपल्या कागदावर दोन दोन इंचांचे तितकेच चौकोन आखावेत, म्हणजे दहा बाय चौदा इंचांचे चित्र होईल. आता एकेका चौकोनात काय दिसते तेवढेच मोठे करून काढायचे. सगळी बाई एकदम काढायला गेले की हात भितो, पण एका चौकोनातला कोपर किंवा गुडघा कोणालाही काढता येतो.

आधी दोन दोर काढावेत. सगळ्या चित्राचा तोल त्यांच्यावर आहे. दोर सरळ उभे झाले तर झोका थांबला, आणि झोका थांबला की चित्रातला जीव गेला. मग डोके, खांदे, कंबर आणि शेवटी हातपाय. चेहऱ्यावर अजून वेळ घालवू नये. पेन्सिल हलकी ठेवावी आणि चौकोन खोडताना कागद खरवडू नये, कारण खरवडलेल्या जागी रंग डाग धरतो.

दुसरा रविवार: मागची बाग

जलरंगाचा पहिला नियम असा: पांढरा रंग म्हणजे कागदच. फिका रंग आधी, गडद नंतर. तेलरंगासारखे गडदावर फिके चढवता येत नाही. म्हणून जिथे उजेड हवा ती जागा मोकळी राखावी लागते. हातचे राखून वागायला हा रंग शिकवतो.

यलो ऑकरमध्ये थोडा अल्ट्रामरिन मिसळला की शेवाळी हिरवा होतो. तो बशीत भरपूर आणि पातळ कालवावा. मध्येच संपला तर पुन्हा तसाच जमत नाही. फळी थोडी उतरती ठेवावी, ब्रश भरून वरून खाली रंग आणावा आणि खाली साचणारा थेंब पुढे पुढे ओढत न्यावा. इरंदतीच्या बाहेरच्या रेघेपाशी आले की बारीक ब्रश घ्यावा. तिच्या अंगाची जागा कोरडीच राहिली पाहिजे. रंग ओला असतानाच अधूनमधून बर्न्ट सायना टेकवावा, तो आपोआप पसरतो आणि झाडीची खोली दिसू लागते.

सगळ्यांत अवघड काम यानंतरचे, म्हणजे हात बांधून बसणे. अर्धवट सुकलेल्या रंगात पुन्हा ब्रश घातला की पाणी रंगाला ढकलते आणि फुलकोबीसारखे डाग उठतात. तेव्हा चहा करावा, पोरांना खेळायला सोडावे. कागद पूर्ण सुकल्यावर गडद हिरव्याने पाने काढावीत. ब्रशचे टोक टेकवून थोडे दाबायचे आणि उचलायचे, की एका फटक्यात एक पान होते. ज्या आया-बहिणी गोधडीला टाके घालतात, भाकरी थापतात, त्यांना हा हाताचा अंदाज लवकर साधतो. म्हणून हे काम केवळ मुलांचे समजू नये.

तिसरा रविवार: अंगाचा रंग

मुलांच्या रंगखडूंत 'अंगाचा रंग' म्हणून फिकट गुलाबी खडू दाखवला जातो. मग पोर आपल्या आईचे चित्र काढते आणि तिला गुलाबी रंगवते. स्वतःचे चित्र काढले तरी गुलाबीच. आपला सावळा रंग चित्रात बसत नाही, असे त्याच्या कोवळ्या मनाला नकळत वाटू लागते.

अजिंठ्याने ही चूक केलेली नाही. तिथल्या भिंतींवर सावळे, गव्हाळ, काळे, गोरे सगळे लोक आहेत. लेणे क्रमांक १ मधल्या पद्मपाणीच्या चित्रातली काळीसावळी राजकन्या तर जगभर वाखाणली जाते. तिच्या काळेपणाची कोणी माफी मागितलेली नाही, तेच तिचे रूप आहे.

म्हणून अंगासाठी यलो ऑकर आणि बर्न्ट सायना पातळ कालवून पहिला हात द्यावा. सुकल्यावर सायनात किंचित क्रिमसन घालून मानेखाली, काखेत, गुडघ्यामागे दुसरा हात द्यावा. अगदी खोल सावलीला सायनात अल्ट्रामरिन मिसळावा. त्यातून असा गडद तपकिरी निघतो की काळ्या नळीची गरज पडत नाही. नाकाचा शेंडा, खांदा आणि गुडघा इथे पहिलाच फिका रंग राहू द्यावा. अजिंठ्याच्या चित्रकारांनीही उंचवटे असेच उजळ ठेवले आहेत. एखादी जागा जास्त गडद झाली तर ओल्या स्वच्छ ब्रशने हळूच भिजवून फडक्याने टिपावी. घासू मात्र नये.

चौथा रविवार: रेघ

अजिंठ्याच्या चित्राचा प्राण रेघेत आहे. तिथे आधी गेरूने आकार काढीत, मग रंग भरीत आणि शेवटी गडद रेघेने आकार पुन्हा बांधून घेत. आपणही तसेच करावे. बारीक ब्रश, गडद तपकिरी रंग आणि न थांबता ओढलेली रेघ. आधी रद्दी कागदावर वीस-पंचवीस रेघा ओढून हात मोकळा करावा. खांद्यापासून कोपरापर्यंत एका दमात यावे. पापणीला एकच रेघ, ओठांच्या मध्ये एकच रेघ. दागिने सर्वांत शेवटी आणि थोडेच, नाहीतर चित्र दागिन्यांचे होते आणि मुलगी मागे पडते.

चित्र पूर्ण झाल्यावर खाली आपले नाव लिहावे आणि त्याखाली 'अजिंठा लेणे क्र. २ मधील चित्रावरून' असेही लिहावे. ज्याचे आहे त्याला श्रेय द्यायचे, ही शीलाचीच गोष्ट आहे.

पुढे काय?

हे काम एकट्या घराला जड जात असेल तर विहारात एकत्र करावे. रविवारच्या वंदनेनंतर दीड तास पुरतो. दोन घरांत मिळून रंगाच्या नळ्यांचा एक संच चालतो. पाण्याला, फळीला आणि जुन्या फडक्याला पैसे पडत नाहीत. ज्या मुलांचा हात बसेल त्यांना शाळेतून एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसवावे. त्यात स्मरणचित्र असते आणि स्मरणचित्रात माणसे काढावी लागतात. झोक्यावरची इरंदती चौकोन पाडून काढलेल्या मुलाला बागेत खेळणारी मुले काढताना घाम फुटणार नाही. पुढे कलाशिक्षक, छपाई, जाहिरात, कापडावरची नक्षी अशा कितीतरी कामांत हा हात उपयोगी पडतो. पोट भरण्याच्या प्रश्नाला हे एक उत्तर झाले. परंतु सगळेच पोटासाठी शिकायचे नसते. बाबासाहेबांसारख्या अहोरात्र कामात बुडालेल्या महामानवानेही उतारवयात व्हायोलिनचे धडे घेतले, चित्रकलेची आवड जपली. "शिका" हा त्यांचा आदेश केवळ परीक्षेपुरता नव्हता.

एक चित्र उतरवून झाले की दुसरे घ्यावे, तिसरे घ्यावे. आणि मग एके दिवशी समोरचा नमुना बाजूला ठेवावा. विहाराच्या अंगणातला बोधिवृक्ष घ्यावा, त्याच्या सावलीला टेकलेली आपली आजी घ्यावी, कामावरून आलेली आई घ्यावी, गॅलरीतल्या डब्यात लावलेली झाडे घ्यावीत. तीच चार नळ्यांतली माती, तेच पाणी, तीच शेवटची गडद रेघ. फक्त बाग आपली आणि माणूसही आपला. अजिंठ्याच्या चित्रकारांचे नाव राहिले नाही, पण आपल्या मुलीने त्या चित्राखाली आपले नाव ठळक अक्षरांत लिहावे.

जय भीम! नमो बुद्धाय!